मागून आलेली हाक

सायगावच्या न्हात ताओ या विजेच्या जुन्या सामानाच्या बाजारात थोआ सकाळी अकराच्या आत कधी पाऊल टाकत नसे. तसं तिला कोणी बजावलं नव्हतं. कुठे पाटी नव्हती, कोणी वाट अडवली नव्हती. सात वर्षांत तिचं तिनंच ते ठरवून टाकलं होतं. अकरापर्यंत बहुतेक दुकानांची भवानी झालेली असते, गल्ल्यात एखादी तरी नोट पडलेली असते, आणि मग तिला पाहून माणसांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते जरा कमी येतं.

अकराला ती यायची. हातात कापडी पिशवी, पिशवीत जळलेल्या एखाद्या भागाचा नमुना. "असा आहे का?" दुकानदार डबा उपसायचा, भाग काढायचा, "पाच" म्हणायचा. थोआ पाच हजार डोंग काढून द्यायची. संपलं. शेजारच्या गिऱ्हाइकाला त्याच भागाचे आठ सांगितले जात. तो चार म्हणे. दुकानदार कपाळावर हात मारून घेई, दोघं एकमेकांच्या पोराबाळांच्या पोटापर्यंत जाऊन येत आणि शेवटी पाचावर टेकत. म्हणजे थोआला कोणी लुबाडत नव्हतं. उलट, इतरांना घसा कोरडा करून मिळणारा भाव तिला पहिल्या शब्दात मिळे. पण तिच्याशी घासाघीस कोणी करत नसे. लवकर घे आणि नीघ, एवढंच त्या पाच हजारांत असे, आणि ते तिला दर वेळी ऐकू येई. ऐकणं हाच तर तिचा धंदा होता.

थोआ आणि तिचा नवरा हिएन लग्नाकार्याला ध्वनिसंच भाड्यानं देत. शहराच्या आठव्या जिल्ह्यातल्या कालव्याकाठी त्यांची खोली होती. खोलीत निम्मी जागा माणसांची, निम्मी भोंग्यांची. खोकी उचलणं, तारा ओढणं, तीनचाकी गाडा चालवणं हिएनचं काम. कुठल्या भोंग्याचा कागद फाटलाय, कुठल्या तारेचा टाका सुटत आलाय, हे मांडवात उभं राहून नुसत्या कानानं सांगणं थोआचं. नवरीच्या बापाचा आवाज माइकवर चिरका येऊ नये म्हणून ती हळूच एक कळ फिरवायची, आणि रडवेला बापसुद्धा जरा भारदस्त वाटायला लागायचा. याचे पैसे वेगळे मिळत नसत. पण कालव्याकाठच्या वस्तीत "थोआचा संच" म्हटलं की लोक निर्धास्त असत.

या सगळ्याच्या मुळाशी एक सकाळ होती. सत्त्याण्णव साली थोआ बेन त्रेहून, नारळाच्या बागांतून, नवी नवरी म्हणून सायगावला आली. आल्यावर आठवड्याभरात हिएननं तिला माइक आणायला एकटीलाच बाजारात पाठवलं. ती उत्साहानं भल्या सकाळी पोचली. एकच दुकान उघडत होतं, खांगचं. खांगनं किंमत सांगितली. थोआनं निम्मी सांगितली. खांग थोडा उतरला, थोआ थोडी चढली. मग तिनं तेच केलं, जे गावच्या बाजारात आईच्या पदराला धरून ती लहानपणापासून पाहत आली होती. मान उडवली आणि चालू लागली. दहा पावलांवर हाक येते, हे तिला ठाऊक होतं.

हाक आली नाही. तिला वाटलं, शहरात वीस पावलं चालावी लागत असतील. वीस झाली. मग लाजेनं तिला वळता येईना, आणि ती तशीच बस पकडून घरी गेली.

शहरात पहिल्या गिऱ्हाइकानं असं जायचं नसतं. घ्यायचं नसेल तर त्यानं त्या वेळी दुकानात शिरूच नये. शिरला तर काहीतरी, तारेचा तुकडा का होईना, घेऊन जावं. नाहीतर दिवस नासतो. हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. थोआला कोणी सांगितलं नव्हतं, कारण ज्या गोष्टी सगळ्यांना माहीत असतात त्या सांगायचं कोणाच्या मनात येत नाही. त्या दुपारी चारला खांगच्या दुकानाला आग लागली. माणूस भाजला नाही, पण मालाचा कोळसा झाला. संध्याकाळपर्यंत सबंध गल्लीला कळलं, की सकाळी एक बेन त्रेची बाई आली होती, गालावर तीळ असलेली.

तीळ काही लपवता येत नाही. पुढच्या खेपेला ती गल्लीत शिरली तेव्हा एका दुकानदारानं तिच्या मागे, अपशकुन उतरवायला, कागद पेटवून हवेत तीनदा ओवाळला आणि रस्त्यावर टाकला. पांढऱ्या पायाची म्हणून तिचं नाव झालं ते झालं. थोआ कोणावर चिडली नाही. खरं तर तिला स्वतःलाच शंका होती. रात्री हिएनचा पाय मुरगळला तरी तिला वाटायचं, आज सकाळी उंबऱ्यात आधी मीच गेले होते.

तोटा व्हायचा तो वेगळाच. जपानहून येणारा जुना माल, ज्याला बाजार स्मशानातला माल म्हणतो, त्याची पोती सकाळी साडेसातला फुटत. चांगले अॅम्प्लिफायर, चांगले डेक नवापर्यंत उचलले जात. अकराला थोआच्या वाट्याला यायचं ते चाळून उरलेलं. हिएन दिवसभर गाड्यावर कधी दुसऱ्यांची ओझी वाहायचा, तोही सकाळी मोकळा नसे. आणि मोकळा असला तरी त्याला कानच नव्हते. एकदा त्यानं आणलेला अॅम्प्लिफायर पावसाळी बेडकासारखा घरघरत होता आणि तो म्हणत होता, "मस्त आवाज आहे की!"

तर त्या सातव्या वर्षी, लग्नांच्या हंगामात, एका वर्षश्राद्धाच्या जेवणावळीत त्यांचा अॅम्प्लिफायर धूर सोडून गप्प झाला. दोन दिवस दुरुस्तीवाल्याकडे पडला. शुक्रवारी संध्याकाळी दुरुस्तीवाल्यानं मान हलवली. आणि शनिवारी होक मोनला लग्न होतं. तीनशे पानांचं, सकाळी दहाला मांडवात उभं राहायचं होतं. मुलीच्या आईनं दुसऱ्या कोणाचा संच स्वस्तात मिळत असताना थोआलाच सांगितलं होतं. "तू असलीस की मला काळजी नाही," एवढंच ती म्हणाली होती. हंगामातली पुढची चार लग्नंही त्याच वस्तीतली. शनिवारी मांडव मुका राहिला असता तर थोआचा संच त्या दिवशीच संपला असता.

"सकाळी तूच चल," हिएन म्हणाला. "मी आणला तर बेडूक आणीन."

"सकाळी?" थोआ म्हणाली.

"मग कधी? दुपारी वरात निघेल."

शनिवारी साडेसातला हिएननं गाडा बाजाराच्या तोंडाशी लावला. थोआ कॉफीच्या गाडीजवळच्या विजेच्या खांबाशी उभी राहिली. आत जायला पाय उचलेना. कुठल्या तरी दुकानाची भवानी होऊ दे, मग जाऊ, असं ती मनाशी म्हणत होती. पण शनिवारची सकाळ सुस्त होती. दुकानदार पोती फोडत होते, कण्यांच्या भाताचे डबे उघडत होते, गिऱ्हाईक दिसत नव्हतं. पावणेआठ झाले. आठ झाले. पिशवीत साडेसहा लाख डोंग होते, आणि होक मोन तासाभराच्या वाटेवर.

"ए, त्या खांबाला काय चिकटलीयस? विकत घ्यायचाय खांब?"

लिऊमावशी. साठी उलटलेली, आडव्या अंगाची, गल्लीत तिसरं दुकान. प्लास्टिकच्या पिशवीतली बर्फाची कॉफी नळीनं ओढत ती दारातच बसली होती. या सात वर्षांत थोआनं तिच्याकडून फार तर चार प्लग घेतले असतील, चारही न बोलता.

"मावशी, तुमची भवानी झाली?"

"झाली असती तर सकाळी सकाळी खांबाशी बोलत बसले असते का? ये इकडे."

"मी थोड्या वेळानं येते."

"थोड्या वेळानं काय करशील, पाळण्याला माइक लावशील? तुझा नवरा मघाशी कॉफीवालीला सगळं रामायण सांगत होता. मला कान आहेत. ये म्हणते ना."

थोआ दोन पावलं पुढे आली आणि थांबली. "मावशी, तुम्हाला माहीत आहे ना, माझा पायगुण..."

"पायगुण!" लिऊमावशीनं कॉफीची पिशवी खिळ्याला अडकवली. "अगं, दोन नवरे पुरलेत मी. पहिला होडीवरून पडला, दुसरा पलंगावरून. पायगुणाचं मला सांगतेस? हे दुकान रोज सकाळी कोण उघडतं? मीच ना? मग?" आणि समोरच्या दुकानाकडे हनुवटी उडवून, मुद्दाम आवाज चढवून, "आणि काही लोक शंभर व्होल्टचा जपानी डेक दोनशेवीसच्या भोकात खुपसून कॉफी प्यायला जातात, त्याला काय पायगुण म्हणायचं?"

समोर खांग वायरी गुंडाळत होता. सात वर्षांत त्याचे केस गेले होते, दुकान पुन्हा उभं राहिलं होतं. "मावशी," तो खाली मान घालून म्हणाला, "सकाळी सकाळी नको."

"मग कधी, रात्री येऊ?"

गल्लीत कोणीतरी फिसकन हसलं. खांग हसला नाही. थोआचे कान तापले. पण त्या हसण्याच्या आडोशानं ती कशी कोण जाणे दुकानात शिरली.

अॅम्प्लिफायर काळा होता, ऐरणीसारखा जड, कडेला रंग उडालेला. लिऊमावशीनं तो ट्रान्सफॉर्मरला जोडला, ट्रान्सफॉर्मर भिंतीत. थोआनं माइक घेतला. "अलो, अलो, एक, दोन, तीन." मग गप्प राहून ऐकलं. आवाज भरीव होता. डाव्या बाजूला, खूप खोल, एक बारीक गुणगुण होती, भांड्यात अडकलेल्या माशीएवढी. ती काढता येण्यासारखी होती. हात ठेवून पाहिला, तळ गार होता. सात वर्षांत इतकी चांगली वस्तू तिच्या हाताखाली आली नव्हती.

"केवढ्याला?" तिनं विचारलं.

"नऊशे." बाजारात हजार कोणी उच्चारत नाही. नऊशे म्हणजे नऊशे हजार.

थोआनं पिशवीत हात घातला. मग तिनं पिशवीतले साडेसहाशे काढून फळीवर ठेवले आणि डाव्या कानातली सोन्याची कुडी फिरवून काढायला लागली.

"हे काय चाललंय?"

"बाकीच्यासाठी ही ठेवा, मावशी. लग्नात मिळाली होती. हिशेबात बसेल."

लिऊमावशीनं कुडीकडे पाहिलं. मग तिचा चेहरा लाल झाला. "मी काय सावकारीण आहे? कान उघडा करून माझी भवानी करणार तू? बंद कर ते!"

"पण नऊशे..."

"नऊशे मी म्हटलं! मी म्हटलं म्हणून नऊशे झाले? अगं, नऊशे कोण देतं याचे? नऊशे घेतले तर मला रात्री झोप लागेल? तू काहीतरी म्हणायचं असतं ना! उचल ते पैसे. मी काही पाहिलं नाही. कॉफी पीत होते मी." तिनं खरोखरच पिशवी खिळ्यावरून काढली, पाठ फिरवली आणि दोन घोट ओढले. मग वळून, जणू थोआ आत्ताच दारात आली आहे अशा थाटात, म्हणाली, "काय हवंय? हा? नऊशे. जपानी. आतली तार न् तार मूळची."

थोआनं पैसे पिशवीत टाकले. कुडी पुन्हा कानात घातली. फिरकी लागायला वेळ लागला. पहिल्या गिऱ्हाइकानं कमी बोलून भाव फिसकटला तर काय होतं, ते तिच्याइतकं कोणाला माहीत होतं? तरी तिनं तोंड उघडलं.

"चारशे," ती म्हणाली. इतक्या हळू, की तिचं तिलाच नीट ऐकू आलं नाही.

"किती? माइक घे हातात!"

"चारशे."

"चारशेत याची बटणं येतील! बटणं हवीत का? देते काढून."

"रंग उडालाय," थोआ म्हणाली.

"माझाही उडालाय. म्हणून मला निम्म्यात नेशील?"

"तुमची डावी बाजू गुणगुणत नाही, मावशी. याची गुणगुणते."

लिऊमावशीच्या भुवया वर गेल्या. तिनं कान अॅम्प्लिफायरला लावला, काही ऐकू आलं नाही, पण ते कबूल करण्यातली ती नव्हती. "ती गुणगुण नाही, तो गाणं म्हणतोय. साडेआठशे."

"गाणाऱ्याला जेवायला घालावं लागतं. साडेचारशे."

"बेन त्रेला नारळ विकून वाढलीस ना? नारळासारखंच कवटीवर मारतेस. आठशे!"

"बेन त्रेला नारळ वाजवून घेतात. मी वाजवला, पोकळ निघाला. पाचशे."

आपल्या तोंडून हे येतंय, याचं थोआला नवल वाटत होतं. हा आवाज तिच्या आईचा होता, गावच्या घाटावरचा, नावेत उभी राहून केळ्यांच्या घडांसाठी भांडणारा. तो आपल्यात इतकी वर्षं कुठे दबून होता, कोण जाणे. शेजारचा स्पीकरवाला तोंडात घास धरून बघत होता. कॉफीवालीनं बर्फ फोडणं थांबवलं होतं. साडेसातशे झाले, साडेपाचशे झाले. मावशीनं दोन्ही मेलेल्या नवऱ्यांच्या शपथा घेतल्या. थोआनं होक मोनच्या खड्ड्यांचं वर्णन केलं, त्यांत हा म्हातारा जपानी जिवंत पोचेल याची हमी मागितली. मावशीनं सातशे सांगितले आणि दोन्ही हात मांड्यांवर आपटले.

"सातशे. यापुढे तोंड उघडायची नाही मी."

"साडेसहाशे," थोआ म्हणाली. यापुढे तिच्याजवळ काही नव्हतं.

"सातशे."

"साडेसहाशे, मावशी."

"पटत नसेल तर वाट मोकळी आहे, बाई." लिऊमावशीनं कॉफीची नळी तोंडात धरली आणि आढ्याकडे पाहिलं.

हे वाक्य प्रत्येक दुकानदार म्हणतो. त्यावर काय करायचं तेही ठरलेलं असतं. थोआ जागच्या जागी उभी राहिली. कुडी पुन्हा काढावी, पाया पडावं, काहीही करावं, पण त्या दारातून रिकाम्या हातानं बाहेर पडू नये, असं तिचं सगळं अंग म्हणत होतं. तिनं मावशीकडे पाहिलं. मावशी आढ्याकडेच पाहत होती. त्या चेहऱ्यावर राग नव्हता, दया नव्हती. कुठल्याही गिऱ्हाइकाशी, कुठल्याही सकाळी असतो, तसा तो चेहरा होता.

थोआनं मान उडवली आणि चालू लागली.

पहिली पाच पावलं तिला कळलीच नाहीत. समोर खांगनं वायरी खाली ठेवल्या, फळीवरचा वर्तमानपत्राचा तुकडा उचलला, त्याची सुरळी केली आणि खिशात लायटर चाचपला. दुसरं दुकान गेलं. आठ पावलं. मागे काही हललं नाही. दहा. लायटरचा खट असा आवाज आला. पहिलं दुकान गेलं. कॉफीवाली तिच्याकडे पाहत होती आणि तिच्या नजरेत थोआला ते दिसलं, जे पाहू नये म्हणून ती अकराला यायची. पंधरा. पुढे खांब, खांबापलीकडे हिएनचा गाडा. आता लिऊमावशीचं काय होईल, हेच तिच्या डोक्यात घुमत होतं. या बाईनं मला आत बोलावलं, आणि मी तिच्या दुकानाला हे लावून चालले. डोळ्यांसमोरचा रस्ता धूसर झाला.

"ए बेन त्रेची! तिळवाली!"

गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाईल असा आवाज होता.

"ये मागे! साडेसहाशेला ने! ने बाई, माझी चिता पेटव आणि ने!"

थोआ थांबली. बाजारात दिवसातून शंभरदा अशा हाका उठतात, आणि गिऱ्हाइकं चेहऱ्यावर काही न दाखवता वळतात. तिला ते जमलं नाही. ती वळली तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड हसत होतं, आणि त्या दोन्हींच्या मधून, स्वतःला आवरायच्या आत, ती तिथूनच ओरडली, "ट्रान्सफॉर्मरसकट!"

गल्ली खदखदून हसली. स्पीकरवाल्याचा घास सांडला. "लुटलं गं मला!" लिऊमावशीनं छाती पिटली. "दिवसाढवळ्या लुटलं! ट्रान्सफॉर्मरसकट म्हणे!" आणि समोर खांग, सुरळी हातात तशीच जळत असलेली, बघत राहिला. ज्योत बोटांपर्यंत आली तेव्हा त्यानं "आई गं" म्हणून ती झटकली आणि बोट तोंडात घातलं.

लिऊमावशीनं नोटा घेतल्या, दुकानातल्या सगळ्या मालावरून हलक्या हातानं एकदा फिरवल्या आणि गल्ल्यात टाकल्या. ट्रान्सफॉर्मर तिनं स्वतः वर्तमानपत्रात गुंडाळला. थोआला काहीतरी बोलायचं होतं. "मावशी," ती म्हणाली.

"आता काय, वायर पण फुकट हवी? पळ! नवरी थांबायची नाही."

दहाला पाच मिनिटं कमी असताना होक मोनच्या मांडवात हिएननं शेवटची तार जोडली. मुलीचा बाप माइकसमोर उभा राहिला आणि त्याचा आवाज चिरकला. थोआनं कळ अर्धा केस फिरवली. डाव्या बाजूची माशी तिला ऐकू येत होती. तीनशे माणसांत तेवढी तिलाच.

मंगळवारी ती नारळाच्या वड्यांचा डबा घेऊन बाजारात गेली. मुद्दाम अकरालाच, कारण शनिवारी काय घडलं असेल याचा घोर तिला तीन दिवस लागला होता. लिऊमावशी एका डेकचं पोट उघडून बसली होती.

"शनिवार कसा गेला, मावशी?" थोआनं डबा पुढे केला.

"शनिवार? तुझ्यानंतर एक माणूस आला, मीटरभर वायर घेऊन गेला. मग पाऊस. मग मी झोपले."

थोआचा हात डब्यावरच राहिला. "म्हणजे माझ्यामुळे..."

"तुझ्यामुळे पाऊस आला? एवढी मोठी झालीस?" मावशीनं एक वडी तोंडात टाकली. "माझे निम्मे शनिवार असेच जातात. तुझ्याशिवायही. दुकान आहे ना जागेवर? मी आहे ना? बघ हात लावून."

"मग तुम्ही मला आत का बोलावलंत?"

मावशीनं आणखी एक वडी उचलली. "दोन महिने पडून होता तो तुझा काळ्या जपानी," ती म्हणाली. "आणि तू खांबाशी उभी होतीस, अर्धा तास. मला बघवत नव्हतं. बास. यात खोल काही शोधू नकोस. शेंगदाणे जास्त घालतेस तू वडीत."

"त्या दिवशी हाक मारायला तुम्ही इतका वेळ लावलात," थोआ म्हणाली. "मला वाटलं, मारतच नाही."

"कॉफीतला बर्फ घशात अडकला होता गं," मावशी म्हणाली. "मरत होते मी इथे. तुला काय त्याचं!"

ते खरं होतं की नाही, थोआनं कधी विचारलं नाही. आभारही तिला नीट मानता आले नाहीत. मावशी मानू देत नसे. मग तिला जे सुचलं ते तिनं केलं. काम असो नसो, आठवड्यातून दोनतीनदा ती साडेसातला बाजारात यायला लागली. कधी फ्यूज, कधी प्लग, कधी काळ्यासाठी एखादा भाग. आणि प्रत्येक फ्यूजसाठी ती अशी भांडायची, की जणू दुकानच विकत घ्यायला आली आहे. चांगली पोती फुटताना ती आता समोर असायची. मग एक दिवस स्पीकरवाल्यानं तिला बारा सांगितले आणि ती सहा म्हणेपर्यंत वाट पाहिली. काही दुकानं अजूनही तोंड फिरवतात. खांग फिरवतो. जळालेला माल त्याचा होता, हे थोआ जाणते, आणि त्याच्या दारावरून जाताना चाल वाढवते, त्याला कागद शोधायला लागू नये म्हणून.

टेटच्या, नव्या वर्षाच्या सणानंतर दुकान पहिल्यांदा उघडायचं असतं, त्या दिवशी मावशी थोआला बोलवत नाही. त्या दिवशी तिची भाची येते, गोल चेहऱ्याची, चार मुलगे असलेली. "बारा महिने तू ये," मावशीनं तिला स्पष्ट सांगितलं, "पण तो एक दिवस नको. माझी छाती तेवढी मोठी नाही." थोआला वाईट वाटलं नाही. उलट, घरी जाताना तिला वाटलं, की हे तोंडावर सांगणारं माणूस आपल्याला मिळालं. बाकीच्यांनी सात वर्षं न सांगताच सगळं सांगितलं होतं.

आता थोआच्या कानाजवळचे केस पिकायला लागलेत. काळ्या अजून चालतो. मावशीला उजव्या कानानं कमी ऐकू येतं, म्हणून नवं पोतं फुटलं की ती थोआलाच आधी ऐकायला लावते, मग तिनं सांगितलेल्या खोडी ध्यानात ठेवून दुसऱ्या गिऱ्हाइकांना किंमत सांगते, आणि थोआलाही सांगते, त्याहून चढी.

परवाही तेच. थोआनं एका डेकला कान लावला, डोळे मिटले आणि म्हणाली, "याचा पट्टा सैल आहे."

"पट्टा सैल म्हणून तीनशे. नाहीतर पाचशे सांगणार होते."

"शंभर."

"शंभर? लाज वाटत नाही? म्हातारीला गंडवतेस?"

"म्हातारी सकाळपासून दोघांना गंडवून बसलीय. एकशेदहा."

"बस इथं," लिऊमावशी म्हणाली आणि पायानं स्टूल पुढे सरकवलं. "बर्फाचा चहा मागवलाय. आधी घसा ओला कर, मग नीट आकडा बोल."

थोआ बसली.